पहिली वाफ फडक्यावर

"बटण दाबलं की कप भरतो. अजून काय हवं माणसाला?" मुलगा म्हणाला.

"मग मशीन कशाला, कॉफीचा नळच बसवून घे," सून म्हणाली.

एस्प्रेसो मशीन अजून घरात आलेलं नव्हतं, पण त्यावरून भांडणाचा हा तिसरा रविवार होता. टेबलावर दोन माहितीपत्रकं होती. एकातलं मशीन सगळं आपणहून करणारं. दुसरं दांड्याचं: कॉफी आपणच दळायची, आपणच दाबायची, दूध आपणच वाफेवर फुलवायचं.

"आईसाठी घेतोय ना? एकतीस वर्षं उभं राहून काढली तिनं. आता तरी त्रास नको."

"त्यांना विचारलंस?"

आई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत त्या वाफेच्या इस्त्रीवर होत्या. तिथं सगळे त्यांना वाफबाई म्हणायचे. कामावर जाताना हॉटेलसमोरच्या दुकानात उभ्याउभ्या कडक कॉफीचा एक छोटा कप घ्यायचा, एवढीच चैन. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. पहिल्या आठवड्यात घरातले पडदे इस्त्री करून झाले, दुसऱ्यात पायपुसणीसुद्धा. मग काही उरलंच नाही. मुलाला वाटायचं, आई आराम करतेय. सुनेला ते मांडीवरचे हात बघवत नसत.

शेवटी तिघंही दुकानात गेले.

बटणाचं मशीन घरघरलं, कप भरला. आईंनी घोट घेतला. "छान आहे." निरोपाच्या दिवशी मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळालाही त्या अशाच छान म्हणाल्या होत्या. घड्याळ अजून खोक्यातच होतं.

मग दुकानदारानं दांड्याचं मशीन सुरू केलं. आधी काहीच नाही. मग दोन थेंब. मग उंदराच्या शेपटीएवढी तपकिरी धार, सावकाश, मध उतरावा तशी. आई पुढं सरकल्या.

"एवढ्याशा पेटीत एवढा दाब?" झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा त्यांचा आवाज खाली गेला होता. "आमचा बॉयलर खोलीएवढा होता."

दुकानदारानं दुधाचा जग पुढं केला. "बघा करून, काकू. पहिल्यांदा सगळ्यांचं फसतं. मीच महिनाभर अंगावर उडवून घेत होतो."

आईंनी जग घेतला नाही. "फडकं आहे?"

फडकं मिळाल्यावर त्यांनी वाफेची नळी त्यावर धरली आणि चावी फिरवली. फस्स! फडक्यावर पाण्याचा ओला डाग उमटला.

"पहिली वाफ ओली असते. कपड्यावर सोडली तर डाग पडतो. मग दुधात कशी सोडायची?"

"हे मी सांगायलाच विसरलो," दुकानदार पुटपुटला.

आता त्यांनी जग घेतला, तळाशी तळवा धरला आणि डोळे मिटले. कागद फाटावा तसा आवाज आला. त्यांनी नळी जराशी खाली नेली, तसा आवाज बारीक झाला, मग खर्जात उतरला. "बस," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि चावी बंद केली. दुधावर एकसुद्धा बुडबुडा नव्हता. नुकत्याच दिलेल्या रंगासारखं ते चकाकत होतं. सुनेनं या विषयावरचे चाळीस व्हिडिओ पाहिले होते. त्यातल्या एकातही असं दूध दिसलं नव्हतं.

मुलगा आईच्या हातांकडे बघतच राहिला. तो उठायच्या आत ती कामावर गेलेली असायची. तिच्या कामातले त्याला फक्त संध्याकाळचे सुजलेले पाय ठाऊक होते.

"आई, हे तू रोज करायचीस?"

"दुधाचं नव्हे रे, चादरींचं. पी, गार होईल."

तो प्यायला. मिशीला फेस लागला, तरी त्याची काळजीची सवय सुटेना. "पण रोज सकाळी एवढा खटाटोप म्हणजे तुला..."

आईंनी फडक्याची घडी घातली, काठाला काठ जुळवून.

"दांड्याचं घ्यायचं," त्या म्हणाल्या. "खिडकीशी ठेवायचं, तिथली खुर्ची हलवा. सहाला मी सुरू करीन. ज्याला प्यायची त्यानं उठायचं."