फिल्टरच्या पुढचा हिरवा दिवा

शिदूतात्या ऊस पिळणाऱ्या मिलच्या गिअरबॉक्सचं तेल दोन बोटांत चोळायचे, हुंगायचे आणि बोटं खाकी पँटीला पुसून पुढे जायचे. सांगलीजवळच्या साखर कारखान्यात ते ऑइलमन होते. मी साताऱ्याहून आलेला ताजा इंजिनिअर. म्हणजे अक्कल सगळी माझ्याचकडे! "तात्या, हे हुंगणं आता बंद," मी पहिल्याच आठवड्यात फर्मावलं.

"वरण करपलं की आदी वासच येतोय, साहेब," ते म्हणाले. "ताटात पडूस्तवर थांबायचं न्हाई."

नव्वदीच्या दशकात नुसतं 'सेन्सर' म्हटलं तरी माणसाची छाती फुगायची. तेलातली धातूची कणी हेरणारा सेन्सर मी गिअरबॉक्सच्या पाइपावर बसवला. तेल चांगलं असेल तर हिरवा दिवा, खराब झालं की लाल. लगेच अहवालही खरडला : यापुढे तेल तपासायला वेगळा माणूस नको. तात्यांच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. हौस दांडगी!

ऐन हंगामात एका सकाळी तात्या बोटं पुढे करून उभे राहिले. तेलात बारीक चमचम होती. "बेरिंग झिजाय लागलंय. मिल थांबवा."

मी ऐटीत दिवा दाखवला. हिरवागार!

त्यांनी पाइपावरून हात फिरवत नेला आणि फिल्टरपाशी थांबवला. "आवं, तेल हितं गाळतंय, आन् तुमचा डबा त्याच्या म्होरं. आंगुळ केल्याल्या माणसाच्या अंगावर मळ कसा घावायचा?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मिल थांबवली. बेरिंग खरंच फुटायच्या बेताला आलं होतं.

तात्या कुणाकडे चकार शब्द बोलले नाहीत. मी चीफ इंजिनिअरसाहेबांना सांगितलं, "सेन्सरची जागा बदलतोय, थोडी सुधारणा." चूक कुणी पकडली ते गिळून टाकलं. सेन्सर फिल्टरच्या अलीकडे आला आणि चोख चालू लागला. हंगाम संपताना माझा अहवाल मंजूर झाला आणि तात्यांचं पद गेलं. अहवाल मागे घेण्यापासून मला कुणी अडवलं नव्हतं. फक्त आपला गाढवपणा कबूल करावा लागला असता, आणि तेवढी हिंमत या विद्वानाकडे नव्हती.

शेवटच्या दिवशी गेटवर त्यांना गाठलं. लाज वाटत होती. "तात्या, तुम्ही चूक दाखवली नसती तर सेन्सर फसला असता. तुमची नोकरी राहिली असती."

"ते काय मला कळत नव्हतं व्हय?" तात्या म्हणाले. "पर बेरिंग जात हुतं की, साहेब."