खवट पीठ

समोरच्या दुकानदाराचं वाटोळं व्हावं, असं मला सात-आठ महिने रोज सकाळी वाटत होतं. गिरणीचं शटर वर केलं की समोर त्याची पाटी दिसायची आणि मनात पहिला विचार तोच यायचा. देवाला हात जोडतानाही यायचा. त्याची मला लाज वाटत नव्हती.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या कॉलनीत आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली, त्यांच्यानंतर वीस वर्षं मीच चालवते. समोर त्याचं किराणा दुकान. आमचं कधी वाकडं नव्हतं. मग त्याने खपली गव्हाच्या पिठाची पाकिटं विकायला ठेवली. ‘शुगर असणाऱ्यांसाठी खास’ असं त्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेलं. पण कॉलनीतले लोक डबे घेऊन माझ्याकडेच यायचे आणि पाकिटं तशीच पडून राहायची.

त्या वर्षी दिवाळीआधी मी गिरणीच्या दगडांना टाकी लावून घेतली. टाकी लावली की दगडांना नवी धार येते, पण पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. म्हणून सुरुवातीचं दोन-तीन किलो धान्य दळून फेकून द्यायचं असतं. मी ते फेकत होते तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. दुसऱ्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, “समोरच्या पिठात दगडाची भुकटी येते. मुतखडा होईल एखाद्याला.” हे सगळं हळू आवाजात, काळजीच्या सुरात.

भाजणीच्या त्या आठवड्यात एरवी मला जेवायला वेळ मिळत नाही. त्या वर्षी मी स्टुलावर बसून रस्ता बघितला. ओळखीच्या बायका डबे घेऊन मान खाली घालून पुढे जायच्या. मी त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, मी ऐकलं तेवढं बोललो. लोकांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.”

मिस्टर म्हणाले, “सोडून दे.” मी सोडलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्याच्या बायकोला मुद्दाम बोलावलं. साधी, बोलकी बाई. सगळ्या गेल्या तरी ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली. गुळपोळी खाताना म्हणाली, “ताई, ताज्या दळणाची चव वेगळीच.”

“तुमच्या घरी तर खपली असेल,” मी म्हणाले.

ती हसली. “ते आम्ही नाही खात. पाकीटवाले मैद्यात वरून कोंडा मिसळतात, ह्यांना माहितीये. आम्ही गहू पंचवटीतून दळून आणतो. तुम्ही कुणाला सांगू नका हं.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले, आणि तेव्हा ते खरं होतं. मला तिचं नाव न घेता त्याला आडवं पाडायचं होतं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला मी काचेच्या दोन सारख्या बरण्या आणल्या. एकीत त्याच्या दुकानातून मागवलेलं पाकीट ओतलं. दुसरीत दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याकडून आणलेली खपली, त्याच दिवशी दळलेली. दोन्हींवर कुठलं पीठ ते आणि तारीख लिहिली आणि बरण्या काउंटरवर ठेवल्या. येणारा विचारायचा, “हे काय?” मी म्हणायचे, “उन्हाळा संपेपर्यंत बघायचं, कुठलं टिकतं.” ते माझ्याच विरुद्ध जाणार होतं, हे मला ठाऊक होतं. मला तेच हवं होतं. तो आपल्या पायाने चालत यायला हवा होता.

मे संपता संपता तो आला. गिऱ्हाईक कमी झालं असलं तरी पापडांच्या दळणाची ती गर्दीची वेळ होती. त्याने दोन्ही झाकणं उघडून वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा, वहिनींचं पीठ खवट झालं. माझं जसंच्या तसं.”

रांगेत हरभऱ्याची डाळ दळायला आलेले एक सर होते. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मधुमेह असलेले. दिवाळीपासून तेही ती पाकिटं खात होते आणि तरी त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर वर गेली होती. त्यांनी दोन्ही बरण्या नाकाशी धरल्या.

“खवट होणारच,” ते म्हणाले. “दाण्यात अंकुर असतो, त्यात तेल असतं. ते दळलं की हवेत खराब होतं. बी जीवनसत्त्वं, लोह हे सगळं त्या अंकुरात आणि कोंड्यात. मैदा करताना दोन्ही काढून टाकतात, आत उरतो तो पांढरा पिष्टाचा भाग. म्हणून मैदा टिकतो. ह्या दुसऱ्या पिठाला दोन महिने काहीच होत नसेल, तर ह्यातला अंकुर गेला कुठे?”

“ते थंड पद्धतीने दळलेलं असतं, सर,” तो म्हणाला. “नवीन मशीन आहे. आणि कोंडा दिसतोय की त्यात.”

सरांनी बरणी खाली ठेवली. रांगेतल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. मला दिसलं की तो सुटतोय. इतक्या महिन्यांची वाट बघणं वाया चाललं होतं, आणि माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही.

“मग तुमच्या घरी हे पीठ का चालत नाही?” मी विचारलं. “तुम्ही पंचवटीतून गहू का दळून आणता?”

त्याने मान वळवून दुकानाच्या वरच्या गॅलरीकडे पाहिलं. त्याची बायको तिथे कपडे वाळत घालत होती. तिने खाली आमच्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते तिला कळलं.

सरांनी तिथेच, येताना त्याच्या दुकानातून घेतलेलं पाकीट पिशवीतून काढून त्याच्या हातात दिलं. “माझं हे परत घ्या,” ते म्हणाले. पंधरा दिवसांत त्याने दुकानातली सगळी पाकिटं काढून टाकली. डबे माझ्याकडे परत यायला लागले. सर आता ज्वारी आणि गहू दळून नेतात. त्यांची साखर उतरली, पण डॉक्टरांनी गोळ्याही बदलल्या होत्या, तेव्हा सगळं पिठामुळे झालं असं मी कुणाला सांगत नाही. त्या गर्दीत त्याचा उतरलेला चेहरा आठवला की मला अजूनही बरं वाटतं. ते मी लपवणार नाही.

तिच्याकडे मात्र मी तीनदा गेले. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तो घरी होता, म्हणून मीच जिन्यातून परतले. तिसऱ्यांदा ती दारात उभी राहिली. मी म्हणाले, “चुकून तोंडून गेलं.”

“चुकून नाही, ताई,” ती म्हणाली. “तुम्हाला त्यांना हरवायचं होतं.”

तिने मला आत बोलावलं नाही. मी खाली उतरले. गिरणीसमोर चार डबे रांगेत ठेवलेले होते. मी पहिला उचलला.