माझी भाजी आणि रुक्मिणबाईंचं दही

मी या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही. आज लिहिते आहे, कारण सोमवारची गोष्ट तोंडाने सांगायला गेले की मध्येच थांबते... आणि चारचौघांत थांबलेलं मला चालत नाही.

दिवाळीनंतर मला ताप आला. चार दिवसांत गेला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, बहुतेक येईल परत... कधी ते सांगता येत नाही. काहींची येतही नाही.

मी कोणाला सांगितलं नाही. घरी एकटीच असते, आणि वाचनालयात सांगायची सोय नव्हती.

वसमतच्या एका लहान वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. नोकरी निवांत. दुपारी एक ते तीन चिटपाखरू फिरकत नाही, तेव्हा आम्ही तिघी जेवतो. शोभा पुस्तकांची देवघेव बघते, रुक्मिणबाई झाडलोट करून पेपर लावतात. अकरा वर्षं त्या डबे उघडतात आणि मी निकाल सांगते... मीठ कमी आहे, फोडणी करपली, शेपू पुन्हा आणू नकोस, वास सहन होत नाही. अशा बाईने नाक गेल्याचं कबूल करायचं?

म्हणून अंदाजाने स्वयंपाक करत राहिले. घास कागदासारखा लागायचा. रात्री उशी हुंगून बघायची, सकाळी चहाची पत्ती... काही नाही.

त्याच सुमारास शोभाने एक नवीन खोड लावून घेतली. मी डबा उघडला की ती तो आपल्याकडे ओढायची. "ताई, तुमची भाजी मला, माझी तुमाला!" रुक्मिणबाईंना बीपी, त्या माझ्या भाजीला हात लावायच्या नाहीत, पण रोज घरच्या म्हशीचं बरणीभर दही आणून शोभापुढे ठेवायच्या. मला वाटलं, दूध जास्त होत असेल. आणि शोभाला एकदाची माझ्या हाताची किंमत कळली, असंही वाटलं. मी भाजी जास्त करून नेऊ लागले!

सोमवारी सकाळी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याने चालले होते. हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर शेजारून गेला... आणि अचानक काहीतरी आलं. कडवट, मातकट, उबदार. जन्मभर या गावात हळदीच्या दिवसांत ज्याच्याकडे कधी लक्ष दिलं नाही, तो वास.

मी रस्त्यातच उभी राहिले. मागून मोटारसायकलवाला ओरडला, "ओ मावशी, घरी जाऊन उभ्या ऱ्हावा की!" त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. तोही मी घेतला.

वाचनालयाचं कुलूप काढलं तर जुन्या कागदांचा, खळीचा, फिनाइलचा वास. कपाटं उघडून प्रत्येक खणात डोकं घातलं. एवढं सगळं रोज इथे होतं... फुकट, न मागता.

दुपारी शोभाचा हात पोचायच्या आत मी माझ्या वांग्याच्या भाजीचा घास घेतला.

तो गिळता येईना. मीठ नुसतं... जीभ पोळल्यासारखी झाली. वर पाहिलं तर दोघींचे घास हातातच थांबलेले.

"आली का चव, ताई?" शोभाने विचारलं.

तेव्हा सगळं लक्षात आलं. तो ओढलेला डबा. ते दही.

"कधीपासून माहीत होतं?"

"तापातून उठून तुमी चिवडा आणला होता ना, तो खाल्ला तवापासून," रुक्मिणबाई म्हणाल्या. "ही दह्यात कालवून ढकलायची बघा खाली. त्यात तुमी भाजी वाढवून आणू लागल्या... मंग मी पण मोठी बरणी काढली!"

"मग सांगितलं का नाही मला?"

"काहून सांगावं? तुमी कुणाला सांगून राहिल्या होत्या का?"

शोभा हसत होती. "अकरा वर्षं तुमी आमच्या मिठाला नावं ठेवली ताई, चार महिने आमी न्हाई ठेवली."

मी तिचा डबा पुढ्यात घेतला. नेमका शेपू होता. तोच वास, ज्यावर मी इतकं बोलले. भाकरी, शेपू, कच्चा कांदा... डबा पुसून खाल्ला. इतकं चवदार मी याआधी काही खाल्लं असेन, तर तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

साठीला टेकलेल्या माणसाला नवीन काही मिळत नाही म्हणतात. मला जुनंच सगळं नवीन मिळालं. त्याहून मोठी गोष्ट ही, की माझी अब्रू राखायला कोणी रोज खारट भाजी खात होतं, आणि मला पत्ता नव्हता.

मंगळवारी मी दिलं ते असं. रुक्मिणबाईंना त्यांची दह्याची बरणी, घासून, आणि रिकामी देऊ नये म्हणून आत घरचं येसर, आमटीत घालायचं भाजक्या मसाल्याचं पीठ. शोभाला माझा डबा, वांग्याचीच भाजी, मीठ अजिबात न घातलेली. मीठ कागदाच्या पुडीत वेगळं नेलं होतं. पुडीही तिच्याच हातात दिली.