दिवेवाली

प्रयोगशाळेतल्या कबुतरांची दोन घराणी होती: दिवेवाली आणि बिनदिव्याची. अहवालात त्यांना लांबलचक नावं होती, पण तोंडी प्रयोग करणाऱ्या मॅडमसुद्धा काकाने पाडलेलीच नावं वापरत. पिंजरे धुणं, दाणे घालणं आणि औषध टोचताना पक्षी धरणं, ही काकाची नोकरी.

पक्ष्यांना शिकवलं होतं ते एवढंच, की प्रयोगाच्या पेटीत सोडल्यावर तिथल्या बटणावर लगेच चोच मारायची नाही. थोडं थांबायचं. घाई केली की दाणा गेला. दिवेवाल्यांच्या पेटीत थांबण्याचा वेळ संपला की लाल दिवा हिरवा होई. बिनदिव्याच्यांनी आपापला अंदाज बांधायचा. एरवी दोघंही सारखीच शहाणी. औषध टोचलं, की बिनदिव्याच्यांचा अंदाज पार कोलमडे. कोणी बटणावर तुटून पडे, कोणी पेंगत बसे. दिवेवाली मात्र तेच औषध अंगात घेऊन, दिव्याकडे बघत, एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखी काम उरकत.

काकाची बायको बिनदिव्याची होती. झटके येऊ नयेत म्हणून तिला गोळ्या सुरू झाल्या. झटके थांबले आणि त्यांच्याबरोबर तीही थांबल्यासारखी झाली. दूध गॅसवर ठेवायची आणि तिथंच उभं राहून विसरायची. एकदा पातेलं जळून काळंठिक्कर पडलं. मग पडदा पेटला. तिच्या धाकट्या भावाचं टायरचं दुकान होतं आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं.

"भाऊजी, तुम्ही दिवसभर पाखरांत. आता पुन्हा काही झालं तर ताईला मी घेऊन जाणार. माझ्याकडे निदान माणसं आहेत."

प्रयोगशाळेनं भंगारात काढलेली एक पेटी काकाने घरी आणली आणि तिचा दिवा गॅसच्या वर बसवला. बटण दाबलं की लाल. दूध उकळण्याच्या बेताला हिरवा.

"लाल असेपर्यंत हलायचं नाही. हिरवा झाला की गॅस बंद. कळलं?"

"मी काय कबुतर आहे का हो?" ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी केलेला विनोद होता तो. काका मनापासून हसला. आपण काय करतोय, हे लक्षात यायचं त्या हसण्यात राहूनच गेलं.

युक्ती लागू पडली. दूध उतू गेलं नाही, पातेलं जळलं नाही. काकाला वाटलं, देवाने नाही तरी विज्ञानाने ऐकलं. मेहुण्याला त्याने मुद्दाम चहाला बोलावलं.

"बघ आता तुझी ताई."

ती ओट्याशी गेली. घरात त्या दिवशी दूध थोडंच होतं. तिने पातेलं ठेवलं, बटण दाबलं आणि दिव्याकडे बघत उभी राहिली. दोघं बाहेर टायरच्या भावांबद्दल बोलत बसले. आधी करपल्याचा वास आला, मग गॅसचा.

मेहुणा आधी धावला. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं, ज्योत विझली होती. ती पातेल्यापासून हातभर अंतरावर, बोटं गॅसच्या बटणावर ठेवून, नजर वर लावून उभी होती.

"ताई! अगं दिसत नाही का?"

"अजून लाल आहे," ती म्हणाली.

मेहुण्याने गॅस बंद केला, खिडकी उघडली. काका दारातच उभा राहिला. त्याने वेळ लावली होती ती रोजच्या पातेलंभर दुधाची. कमी दूध लवकर उकळतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तिलाही गोळ्यांच्या आधी कळत होतं. तेव्हा डोळे मिटूनही दूध उतरवलं असतं तिने, नुसत्या आवाजावरून. आता आवाज, वास, वाफ सगळं समोर असून तिने दिव्याचं ऐकलं.

मेहुणा ओरडला नाही. ओरडला असता तर काकाला बरं वाटलं असतं. त्याने तिच्या साड्या पिशवीत भरल्या, गोळ्या मागून घेतल्या आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, येतेस ना माझ्याकडे?"

तिने काकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बघतच राहिली, चेहऱ्यावर काही बदलेपर्यंत थांबायचं असं ठरवल्यासारखी.

तो 'नको' म्हणाला असता तर ती राहिली असती. जन्मभर राहिली असती. आणि ती मनाने राहिली की दिवा बघून, हे त्याला कधीच कळलं नसतं.

त्याने 'जा' अशी मान हलवली. ती पायात चपला घालू लागली.