गजभिये सरांच्या सापाची घरं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. मधल्या सुट्टीत चहा उशिरा आला की एक निघतो, पावसानं पोट्टे आले नाहीत की दुसरा निघतो, आणि रिटायर होता होता डोक्यात दुसरं काही उरतच नाही! मी गणित शिकवायची, पण गणिताचं मला कोणी विचारत नाही. सगळे म्हणतात, "मॅडम, तो सापाचा किस्सा सांगा ना." तो एक नाही, बाप्पा. आणि त्यातले हसण्यासारखे थोडेच आहेत, आधीच सांगून ठेवते.

सौंसरहून मोहगावकडे जाताना आमची शाळा लागायची. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं, गावात टीव्ही एकच होता तेव्हाची गोष्ट. विज्ञानाचे गजभिये सर एका सकाळी पिशवीत धामण घेऊन आठवीच्या वर्गात शिरले. मी शेजारच्या वर्गात होते. असा कल्ला झाला, की मी हातातला खडू टाकून बाहेर पळाले!

हेडमास्तरांनी विचारलं, "काऊन जी गजभिये, हे काय लावलं तुम्ही?"

"माझी सुनंदा कशी गेली, ठाऊक आहे ना तुम्हाले?"

ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. सर ट्रेनिंगला छिंदवाड्याला गेले होते. जमिनीवर झोपलेल्या त्यांच्या पोरीला मण्यार चावली आणि घरच्यांनी तिला मांत्रिकापुढे बसवून ठेवलं. सौंसरचा दवाखाना बैलबंडीनं तासाभरावर होता. सर परतले तेव्हा सारं आटोपलं होतं.

"या शाळेतल्या पोरायचं एकही घर मांत्रिकापुढं बसलेलं मले पाहाचं नाही," सर म्हणाले. "साप काय असते ते पोरायनं डोळ्यानं पाहू द्या. देव नाही अन् दुश्मनही नाही. जनावर आहे."

हेडमास्तरांनी मान खाली घातली. परवानगी मिळाली ती अशी.

*

पहिलं घर संत्र्याच्या पेटीचं. आमच्याकडे काहीही ठेवायचं म्हटलं की संत्र्याची पेटीच आठवते. पुस्तकं ठेवा, कोंबडी ठेवा, रडणारं लेकरू बसवा! सरांनी पेटीत पालापाचोळा टाकला, धामण ठेवली, वरून फळी आणि फळीवर विटा. पण संत्र्याला हवा लागावी म्हणून त्या पेटीला फटी असतात, आणि धामण होती कोवळी.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी शिक्का काढायला ड्रॉवर उघडला. ओरडले नाहीत. ड्रॉवर हळूच बंद केला, खुर्ची मागे सरकवली आणि शिपायाला म्हणाले, "गजभियेंना बोलवा. त्यांचा विद्यार्थी माझ्या ड्रॉवरात बसून राहिला. म्हणावं, टी.सी. देऊ का?"

*

मग काचेची पेटी आली, मासे ठेवतात तशी. तिच्यात नाल्यातला दिवड, म्हणजे बिनविषारी पाणसाप, ठेवला. साऱ्या वर्गाला दिसावा म्हणून सरांनी ती खिडकीत मांडली. पोट्टे खूश! डबा खातानाही तिथंच.

एप्रिलच्या एका रविवारी शाळा बंद होती. खिडकीत दिवसभर ऊन आणि पेटीत सावली म्हणून नाही. सोमवारी दिवड उताणा पडला होता, कडक झालेला.

पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, तो ओरडला असंल का?"

"सापाले ओरडता येत नाही, बेटा."

"मग त्यानं काय केलं असंल?"

सर पोरांच्या बाकावरच बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाहीत.

*

तेव्हापासून त्यांचा एकच धोशा सुरू झाला. "घर आपल्याले पाहाले नाही, त्याले लपाले पायजे!" पुढच्या धामणीला त्यांनी पेटी भिंतीकडं नेली. अर्ध्या भागात सावली, पाण्याचं पसरट भांडं, लपायला फुटकं मडकं, वर तारेची जाळी. आता साप सुखात होता, पण कोणाला दिसेना!

त्यातच तपासणीला साहेब आले.

"साप कुठे आहे?"

"मडक्यात, साहेब."

"दिसत तर नाही."

"सुखात आहे म्हणून दिसत नाही. हात घालून पाहता का?"

साहेबांनी घाईघाईनं चहा मागितला.

*

वर जाळी, म्हणजे हवेची सोय झाली. नागपंचमीला मात्र त्या जाळीनंच घात केला.

सणाची सुट्टी होती. पोरांच्या आया हळदकुंकू घेऊन शाळेत आल्या. शिपायाला वाटलं, बायकांना देवाच्या कामात काय अडवायचं? त्यानं वर्ग उघडून दिला. प्रत्येकीनं जाळीतून गडवाभर दूध ओतलं, हात जोडले, पोरांसाठी काय मागायचं ते मागितलं आणि घरी गेली. दुधावर मुंगळे आले. इतके आले की सकाळी मडकं काळं दिसत होतं. धामणीला बाहेर पडायला जागाच नव्हती. मी एकदाच वाकून पाहिलं.

बाया रडायला लागल्या. "पाप लागलं जी सर आमाले!"

सर चिडतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मारायचं होतं तं काठीनं मारायचं होतं, माय."

*

मग सरांनी लोधीखेड्याच्या सुताराला सांगितलं, समोर काच, बाजूला बारीक जाळी, दाराला कुलूप आणि डोक्यावर सलग फळी पाहिजे. सुतारानं सागवानी कपाट आणलं. झकास! फक्त त्याच्या माथ्यावर एक कळस होता.

"हे काय रे?" सर ओरडले.

"सर, मी जन्मभर देव्हारेच केले. काच आहे, दार आहे, आत नागोबा बसणार. कळसाबिगर कसं सोडू जी?"

"काढ तो!"

"एकसंध लाकूड आहे सर, फाटून जाईन."

त्यात मडकं ठेवून सरांनी नवी धामण सोडली, आणि तिला घर फार मानवलं. वर्षभरात दोनदा कात टाकली, उंदीर खाऊन जाड झाली. पण गावानं कपाट पाहिलं नाही, कळस पाहिला. रोज सकाळी दारापुढं फुलं पडलेली असायची. सर ती झाडून टाकायचे, पुन्हा पडायची.

*

आणि मग ती बंडी आली. कापसात काम करताना एकाला घोणस चावली होती. त्याची पोरगी आमच्याच सहावीत. घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं नाही, मांत्रिकाकडेही नेलं नाही. सरळ शाळेत आणून कपाटापुढं झोपवलं.

सर धावत आले. "अरे, हा देव नाही! साप आहे, कपाट आहे हे! दवाखान्यात न्या त्याले, पाया पडतो!"

माणसाचा भाऊ भडकला. "देवाच्या दारात उभं राहून देवाले नाही म्हणता?" त्यानं बंडी वळवली आणि मांत्रिकाचं गाव धरलं. सर बंडीमागं फाट्यापर्यंत पळत गेले. माणूस त्याच दिवशी गेला.

"मी एक अक्षर खोटं बोललो नाही, बाई," सर मला म्हणाले, "अन् माणूस मेला." दुसऱ्या दिवशी त्यांनी धामण जाम नदीच्या काठी नेऊन सोडली. कपाटात मडकं तेवढं राहिलं, कुलूप लावलेलं.

*

पुढच्या पावसाळ्यात एक म्हातारी सुनेला घेऊन आली. मागं तिचा लेक. सुनेच्या पायावर दोन दात उमटलेले, पाय मांडीपर्यंत सुजलेला.

"सर, देवाले इचारा, माही सून वाचते का?"

मी सरांकडं पाहिलं. या माणसानं आयुष्यात कोणत्या मूर्तीपुढं हात जोडले नव्हते. कपाट रिकामं आहे, हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं. सरांनी चपला काढल्या. हात जोडले. काचेला कान लावला आणि डोळे मिटले. आठवीचा अख्खा वर्ग उभा राहून पाहत होता.

"देव सांगून राहिला," सर म्हणाले, "सौंसरचा सरकारी दवाखाना. आत्ताच्या आत्ता. वाटेत कोणापुढं थांबले तं कोपीन म्हणते."

म्हातारीनं जमिनीला डोकं टेकवलं. हेडमास्तर रस्त्यावर जाऊन ट्रकच्या आडवे उभे राहिले. पाच मिनिटांत सून ट्रकमध्ये होती! सर मात्र काचेला कपाळ टेकून तसेच उभे. ते रडून राहिले होते, पोरांसमोर, आणि डोळेही पुसत नव्हते.

सून वाचली. पायाचं मांस झडलं, लंगडत चालते, पण वाचली. दिवाळीच्या आधी म्हातारी नारळ घेऊन आली. कपाटाच्या काचेला नाक लावून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"सर, देव दिसून नाही राहिला. कुठी गेला जी?"

सरांनी कुलूप काढून दोन्ही दारं उघडली.

"तो आता सौंसरच्या दवाखान्यात राहाले गेला, आजी. त्या सुईच्या बाटलीत. इथं कोणाले आणू नका. साऱ्या गावाले सांगा, सरळ तिकडंच जा."

म्हातारीनं मान हलवली, नारळ उचलला, आणि सौंसरच्या बसला हात केला.