सामान सांभाळायला मी नाही: दिवेआगरचे दोन दिवस

"आई, या शनिवार-रविवारी दिवेआगरला जाऊ. तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं," असं माझ्या मुलानं, समीरनं, जाहीर केलं. नुसतं बसायचं म्हणजे काय ते मी चांगलं ओळखून आहे. किनाऱ्यावर चटईवर बसून सगळ्यांच्या चपला, मोबाइल आणि टॉवेल राखायचे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत मी पाचदा समुद्रावर गेले आणि पाचही वेळा कोरडी परत आले. कॉन्व्हेंटच्या सहलीत सिस्टर मोजेसुद्धा काढू देत नसत. लग्नानंतर अलिबागला गेलो तर सोबत सासूबाई. पुढे समीर लहान, म्हणून त्याचे कपडे धरून उभी. या वेळी मात्र मी कुणाला न सांगता तुळशीबागेतून पटकन वाळणाऱ्या कापडाचा सलवार-कुडता आणला आणि पिशवीच्या तळाशी घातला.

बिबवेवाडीतून पहाटे सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे सव्वाआठला निघालो. समीर आयटीत आहे. दोन दिवसांचं तासवार वेळापत्रक करून त्यानं सगळ्यांना पाठवलं होतं, ते त्याच्याखेरीज कुणी उघडलं नव्हतं. पौड, मुळशी आणि मग ताम्हिणी घाट. रस्ता बराच सुधारलाय, वळणं मात्र होती तितकीच आहेत. लहान मुलं असतील तर घाटाआधी दूध पाजू नका. मी सांगितलं होतं. सून मुक्ता म्हणाली, "आई, काही होत नाही असं इंटरनेटवर लिहिलंय." तीन वर्षांच्या अर्णवनं दुसऱ्याच वळणावर इंटरनेटला उत्तर दिलं.

माणगाव, म्हसळा करत पाऊणला पोहोचलो. सुपारीच्या बागेतलं घरगुती राहणं, खोली अडीच हजारांना, जेवण वेगळं. तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. नाव ठेवायला काही सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं.

घरमालकीण नंदाताई वाढता वाढता म्हणाल्या, "जेवून लगेच जा हो. आत्ता भरती आहे. चारनंतर पाणी पार लांब जाईल."

"नाही ताई, एक ते चार आमचा आराम असतो," समीर म्हणाला.

समुद्राला स्वतःच्या झोपेची वेळ कळवणारा माणूस मी जन्माला घातला, याचा मला त्या क्षणी पश्चात्ताप झाला. पण खरं सांगते, झोपले मीही.

साडेचारला किनाऱ्यावर गेलो तर समोर नुसती ओली वाळू. पाणी लांब कुठेतरी चमकत होतं. सहा वर्षांची इरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, समुद्र बंद आहे का?"

शेवटी सगळे पाण्याच्या शोधात चालायला लागले. समीरनं माझ्यासाठी चटई अंथरली. "आई, एवढं चालून तुझे पाय दुखतील. तू इथेच बस आणि हे जरा बघ." हे म्हणजे सगळ्यांच्या चपला, दोन मोबाइल आणि एक बादली. नवा कुडता माझ्या अंगात होता, कुणाच्या लक्षातही आला नाही. संतापले, पण बसले. सवय वाईट.

रविवारी वेळापत्रकाप्रमाणे अकराला परत निघायचं होतं. नाश्त्याला घावने खाताना मी नंदाताईंना विचारलं, "आज पाणी कधी चढेल?"

"बाराला चांगलं असेल."

"मग आम्ही दोनला निघू."

"आई, ट्रॅफिक लागेल," समीर म्हणाला.

"लागू दे. मी समुद्रात जाणार आहे."

"तू?" त्याचा घास हातातच राहिला. "मग सामान कोण बघणार?"

"खोलीत ठेव आणि कुलूप लाव. इतकी वर्षं मीच कुलूप होते, आता पुरे."

मुक्ता मान खाली घालून हसत होती. मग म्हणाली, "पण आई, हे कालच का नाही सांगितलंत?" मी आणखी एक घावन वाढून घेतलं.

बाराला पाणी खरंच जवळ आलं होतं. इरानं माझा हात धरला. "आजी, घाबरू नको. लाट आली की उडी मारायची." मारली. गुडघ्यांनी तक्रार केली, ती मी ऐकली नाही. तिसऱ्या लाटेनं मला खालीच बसवलं. नाकातोंडात खारट पाणी, कुडत्यात वाळू, इरा खिदळतेय आणि तिच्याहून मोठ्यानं मी. काठावर अर्णवला कडेवर घेऊन समीर ओरडत होता, "आई, पुढे जाऊ नकोस! बास झालं, बाहेर ये!" हुबेहूब माझा सूर. मी ऐकू न आल्यासारखं केलं. हे मी त्याच्याकडूनच शिकले.

तुम्ही जाणार असाल तर भरतीची वेळ गावात विचारा, गावातले लोक सांगतील तिथेच उतरा आणि मुलांना गुडघाभर पाण्यापुढे नेऊ नका. आजीलाही नेऊ नका, पण तेवढ्या पाण्यात तरी न्या.

परतताना चांदणी चौकाच्या अलीकडे तासभर अडकलो. "सांगितलं होतं," समीर म्हणाला. सांगितलं होतं खरं.

सोमवारी गुडघे सुजले. डाव्या कानात अजून पाणी खुळखुळतंय. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई भेटल्या. "कशी झाली सहल? नातवंडांनी केली ना मजा?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं. "मी पाण्यात होते."