मजीदच्या ताटातली तुकडी

जयगडचा मजीद एकोणीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनात काम करत होता. दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. पगार चांगला, घर चिऱ्याचं, वरचा मजला अर्धा उठलेला. गावात त्याचा हेवा करणारे पुष्कळ होते. मजीद मात्र जळायचा तो आपल्याच मेव्हण्यावर, जिब्रानवर. जिब्रानकडे होतं काय, तर खाडीपलीकडे माणसं नेणारी एक जुनी लाँच आणि दुपारी बहिणीच्या घरी जेवायला यायची सवय.

२००२ च्या जानेवारीत मजीद सुट्टीवर आला. त्या दिवशी सुरमई होती. मधली जाड तुकडी, खरपूस तळलेली, त्याच्या ताटात आली. डोकं कालवणात होतं आणि त्यावरून त्याची अकरा वर्षांची मुलगी कौसर मामाशी भांडत होती.

"परवा पण तूच खाल्लंस, मामू."

"परवा बांगडा होता. बांगड्याच्या डोक्यात असतं काय?"

"मग आज अर्धं अर्धं."

"डोळा माझा."

मजीद म्हणाला, "आज डोकं मला वाढ."

त्याची बायको साबेरा पळी हातात धरून थांबली. "तुम्ही कुठे काटे काढत बसता? चार दिवस आलाय, नीट जेवा."

कौसरने लगेच लिंबाची फोड त्याच्यापुढे सरकवली. "बाबा, अजून एक तुकडी देऊ?" अगदी अदबीने. मुंबईहून पाहुणे आले की ती अशीच बोलायची. मजीदने तुकडी ताटाच्या कडेला सारली.

त्या दिवसापासून तो मोजदाद करू लागला. कौसरच्या मैत्रिणींची नावं जिब्रानला पाठ होती. तिला गणितात कोणते मास्तर रागावतात, कोणती चप्पल चावते, तेही त्याला ठाऊक. मजीदला तिची इयत्ता सांगताना क्षणभर आठवावं लागे. मग तो लाँचवर जाऊन बसे आणि इंजिनाला नावं ठेवी.

"हा आवाज ऐकलास? कान आहेत की नाहीत तुला?"

"आहेत. पण समजणारा माणूस मिळत नाही," जिब्रान हसत म्हणाला. "तुम्ही येता का, दुलाभाई? मात्र लाँच माझी आहे. ऐकायचं माझं."

मजीदला ही थट्टा झोंबली. सात वर्षांनी लहान मेव्हणा, त्याच्या लग्नात अनवाणी धावणारा पोर, आता त्याला कामावर ठेवणार होता.

आठवड्याने मुंबईच्या एजंटचा फोन आला. मोठं जहाज होतं, या खेपेला बढतीही होती. मार्चच्या पंधरा तारखेला हजर व्हायचं. मजीदने विचाराला दोन दिवस मागून घेतले.

साबेरा ओटीवर तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर बसला.

"जिब्रानकडे कामाला राहतो म्हणतो."

"तो काय देणार? तुमच्या पगाराचा चौथा हिस्सा. पावसाळ्यात लाँच बंद, तेव्हा तेवढाही नाही."

"रोज घरी तरी असेन."

"खरं सांगा. घरासाठी राहताय की जिब्रानसाठी?"

मजीदने मूठभर तांदूळ उचलून परत सुपात सोडले.

"जळून नोकरी सोडतं का कोणी?"

"मी सोडतोय," मजीद म्हणाला. मुलीच्या मायेने सोडतोय असं तो म्हणाला असता, तर ते पुरतं खरं झालं नसतं.

साबेराने दोन खडे वेचून बाहेर टाकले. "मग वरच्या खिडक्यांना पत्रे ठोकून घ्या. पावसाआधी. तो मजला काही आता होत नाही."

फेब्रुवारीत मजीद लाँचच्या इंजिनाशेजारी, खालच्या खड्ड्यात बसू लागला. वरून जिब्रान घंटा वाजवी: एकदा वाजली की हळू, दोनदा वाजली की बंद. प्रत्येक घंटेला मजीदचा जबडा आवळे. शाळा सुटली की कौसर धक्क्यावर येई आणि एक फेरी मामाशेजारी उभी राहून करी. दोघं हसत. इंजिनाच्या धडधडीत मजीदला शब्द कळत नसत, हसणं तेवढं कळे. जहाजावर निदान ते कानांवर पडत नव्हतं.

मार्चमध्ये एकदा भर खाडीत इंजिन धूर ओकायला लागलं. खड्ड्यावरची फळी बाजूला झाली आणि वरून कौसरचं डोकं आत आलं, नाकाला ओढणी लावलेलं.

"बाबा, काय चाललंय खाली? माझा गणवेश काळा झाला. एवढी वर्षं जहाजावर केलंत तरी काय?"

घरात आजवर ती त्याला असं कधी बोलली नव्हती. मजीदने तेलकट फडक्याने कपाळ पुसलं.

"तुझ्या मामूला सांग, आधी तेल बरं घे म्हणावं."

"तुम्हीच सांगा. मी काय निरोप्या आहे?" असं म्हणून ती गेली, मामाकडेच. वर पुन्हा हसणं सुरू झालं. मजीदने पाना उचलला आणि जळतच, पण मन लावून, नळीचा नट आवळायला घेतला.